फाट्यावरून वळलेली वस्ती

यमुताईच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपुरात ठरलं होतं. यमुताई म्हणजे मोनालीच्या नवऱ्याची, धम्मदीपची, आत्या. नवरा गेल्यापासून ती माहेरच्या गावी, नरखेडकडे, एकटीच राहायची. धम्मदीपला कंपनीतून सुट्टी मिळेना, म्हणून मोनालीच निघाली, आठ महिन्यांच्या अपूर्वला कडेवर घेऊन. जायचं, आत्याला घ्यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. यात भिण्यासारखं काय होतं?

पण मोनाली मुळातच भित्री, लेकरू झाल्यापासून जास्तच. एप्रिल संपत आलेला. नागपुरात, त्यांच्या जरीपटक्याच्या बाजारात सकाळीच ताडपत्र्या ओढून होत, असं ऊन. तिनं पिशवीत दुपटं भरलं, पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, लू लागू नये म्हणून वर कांदा ठेवला. धम्मदीप पाहत होता.

"दुकान लावून राहिली काय वं गावात?"

"तुमचं काय जाते? पोरगं मायाजवळ राहणार हाय."

"बरं बाप्पा. पण आत्याचा 'तर' सुरू झाला का गाडी चुकन, ध्यान ठेव."

ते खरं होतं. तो त्या घरातला खेळच होता. छप्पन सालच्या दसऱ्याच्या धम्मदीक्षेसाठी यमुताईचा बाप, रुपराव, वस्तीतल्या लोकांना घेऊन चार दिवस आधीच पायी नागपूरला निघाला. फाट्यावर मालगुजाराची, गावच्या जमीनदाराची, माणसं आडवी आली. वळा म्हणाली, नाहीतर आल्यावर गावातलं पाणी विसरा. रुपरावच्या खांद्यावर तापलेलं पोरगं होतं, धम्मदीपचे वडील. रुपराव बराच वेळ तिथं नुसता उभा राहिला म्हणतात. मग पुढं गेला, आणि त्याच्या मागं सारी वस्ती गेली.

आता घरात कोणी पास झालं, कोणाला नोकरी लागली, की यमुताई म्हणायची, "अन् माहा बाप फाट्यावरून वळला असता तर?" मग जो तो सांगायचा. तर मी ढोरं ओढत असतो. तर ही मोनाली सातवी कुठची शिकते, शेण थापत बसली असती. सगळे हसायचे. मोनालीही हसायची. पण रात्री लेकराला थोपटताना तिच्या मनात यायचं, तर हा कोण असता?

एसटीनं तिला फाट्यावर उतरवलं तेव्हा बारा वाजून गेले होते. एक बाटली गाडीतच संपली होती. दुसरीचं झाकण ढिलं राहिलं, सगळं पाणी पिशवीतच सांडलं. अपूर्वला तिनं गाडीत पाजलं होतं, पण आता तिच्याच जिभेला कोरड पडली होती. पोरगंही तापल्यासारखं लागत होतं. रडत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

वाट संत्र्याच्या बगिच्यामधून होती. खाली गळून सडलेल्या फळांचा आंबूस वास. कुठंतरी मोटरपंप चालू होता, तो एकदम बंद पडला. मग पाखरू नाही, पान नाही. आपल्याच चपलांचा आवाज तेवढा येत होता. सावली पायाखाली जमा झालेली. यमुताईनं सांगितलं होतं की बगिचा संपला की वस्तीच लागते. पण बगिचा संपला आणि लागली विहीर.

विहिरीवर मोटर होती, काळा पाइप होता, बाजूला मोटरसायकल उभी होती. सगळं आजचंच. ओट्यावर एक बाई प्लास्टिकच्या मगानं घागर भरत होती.

"जयभीम बाई. थोडंसं पाणी देता काय? लेकरू हाय."

बाईनं नुसतं पाहिलं. तो शब्द तिनं कधी ऐकलाच नसावा तसं. मग म्हणाली, "वर चढू नको वं. तिथंच थांब. कोणाच्या घरची?"

"रुपरावच्या. नातसून."

"मंग तसं म्हण ना." बाई मोकळी झाली. "भला माणूस. फाट्यावरून वळला अन् सारी वस्ती मागं आणली त्यानं. तिकडं जाऊन काय झालं असतं तुमच्या लोकाइचं, कोणाले माहीत?"

"वळला...? ते तर..."

"वळला म्हणूनच पाणी हाय तुमाले. धर ओंजळ. वरून सोडते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दाराशी रोज येणाऱ्या गाईशी बोलावं तसं बोलत होती. दुसरी वेळ असती तर भित्री मोनालीही भांडली असती, चार लोक गोळा केले असते. पण अपूर्वची मान तिच्या खांद्यावर लोंबायला लागली होती, आणि पाण्याचा मग समोर धरलेला होता.

खोटं कशाला सांगा, तिनं वाकून हात पुढं केले. तेव्हा लक्षात आलं. पेला असता तर एका हातानं पिता येतं. ओंजळीला दोन्ही हात लागतात. मग कडेवरचं लेकरू कुठं ठेवायचं?

"दे माह्याजवळ."

मागं पिंपळाखाली एक बाई बसली होती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मांडीवर तिचंही पोरगं, एवढंच, उघडं, झोपलेलं. मोनालीनं अपूर्वला तिच्याजवळ दिलं.

"घामानं भिजलं वं हे. झबलं काढते त्याचं."

"काढा."

पाणी वरून पडलं. गार होतं. नाकातोंडात, डोळ्यांत गेलं. मोनाली डोळे मिटून पीत राहिली. मागं एक लेकरू रडलं. मग दुसरं रडलं. मग एकच रडत राहिलं...

तिनं तोंड पुसून मागं पाहिलं. मांडीवर दोघंही उघडी, शेजारी शेजारी. दोघांच्या डाव्या कानामागं तीळ. दोघांच्या हनुवटीला तीच खळी. पदरातल्या बाईनं एकाला उचलून पुढं केलं. तिच्या मनगटावर भाजल्याचा चकचकीत डाग होता. मोनाली सहावीत असताना फोडणीचं तेल उडालं होतं, तेव्हापासून तिच्याही मनगटावर तसाच होता, त्याच जागी.

"हे घे तुहं."

"हे...?"

"मंग कोणतं?"

लेकरानं मोनालीच्या गळ्याला मिठी मारली. ती त्याला घेऊन निघाली ती पळतच. झबलं चालता चालताच घातलं.

वळणावरच यमुताईचं घर लागलं. दारावर पंचशील झेंडा, खिडकीत कूलर घरघरत होता.

"कुठं होती वं पोरी? कवाची वाट पाहून राहिली मी."

मोनालीनं सांगितलं. विहिरीचं ऐकून यमुताईनं कूलर बंद केला. मग हळूच विचारलं, "वरून पाजलं?"

"हो."

"अन् पोरगं... कोणाजवळ होतं तवा?"

मोनालीनं तेही सांगितलं. यमुताईनं मोतीबिंदूचे डोळे लेकराच्या तोंडाजवळ नेले, बराच वेळ पाहिलं. "धम्मदीपले नको सांगू," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन चांगलं झालं. यमुताई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून जरीपटक्याच्या घरी राहिली. लेकरूही चांगलं होतं. दूध प्यायचं, रांगायचं, वरणभाताचं बोट चाटायचं. फक्त हाक मारली की पाहत नव्हतं. आधी 'अपूर्व' म्हटलं की पाळण्यातून मान उचलायचं.

"खेळात असन," धम्मदीप म्हणाला.

कॉलनीतल्या डॉक्टरनं कानामागं खुळखुळा वाजवला. पोरगं झटकन वळलं. "कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही फार विचार करता."

त्या दिवशी धम्मदीप कामावर गेल्यावर मोनाली यमुताईच्या खाटेशी बसली.

"आत्या, दीक्षेच्या आधी आपल्यात पोराइची नावं काय ठेवत?"

"नजर लागू नये अशी. कचऱ्या, धोंड्या, उकंड्या. काहून वं?"

मोनाली उठून आतल्या खोलीत गेली. लेकरू पाठमोरं बसून डब्याचं झाकण आपटत होतं. तिनं हाक मारली, "अपूर्व." झाकण आपटत राहिलं. "कचऱ्या." काही नाही. "धोंड्या." काही नाही. पुढचं नाव तिच्या तोंडून निघेना. आपल्या पोटच्याला उकिरड्याच्या नावानं कोण हाक मारील? भिंतीकडे तोंड करून ती पुटपुटली, "उकंड्या."

झाकण थांबलं. तिनं वळून पाहिलं तर लेकरू हसत, दोन्ही हात पुढं टाकत, तिच्याकडे रांगत येत होतं.

तिनं उचललं. पदराखाली घेतलं. काय करणार? लेकरू भुकेलं होतं, आणि त्याचा काय दोष?

त्यानंतर ती दोनदा एकटीच फाट्यावर जाऊन आली, भर दुपारी, आत्याचं घर पाहून येते सांगून, लेकरू तिच्याजवळ ठेवून. बगिचा संपला की यमुताईचं घर लागतं. दुसरं काही लागत नाही.

पण एक गोष्ट रोज होऊ लागली. दुपारी मांडीवरचं पोरगं पोटभर पिऊन झोपलेलं असायचं, आणि तिला पान्हा फुटायचा. लेकराचा आकांत ऐकून फुटावा तसा. ब्लाऊज भिजायचा, साडीचा काठ भिजायचा. घरात तर कोणी रडत नसायचं. ती तशीच बसून राहायची, आणि दूध वाहून जायचं. वाईट वाटायचं, पण एक धीरही वाटायचा, की तिकडं तो अजून रडतो आहे.

परवा दुपारी पान्हा आला नाही. काल आला नाही. आज मोनाली दार लावून बसली आहे, हात छातीवर ठेवून. ऊन कलायला आलं आहे.