चंदन, पण खिडकी बंद

ज्या माणसानं पहिल्याच भेटीत माझ्या धुपावर बादलीभर पाणी ओतलं, आमच्या गॅसचा रेग्युलेटर काढून हातात घेतला आणि वर मला ‘ताई’ म्हटलं, त्याच माणसावर पुढं माझा जीव जडला. सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं...

जुलैचे दिवस होते. गोडादरा भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी एकटीच होते. आई शेजारी मालतीबाईंकडे गेली होती. तीन महिन्यांपूर्वी रिंग रोडवरच्या कापड मार्केटच्या लिफ्टमध्ये मी चाळीस मिनिटं अडकले होते, एकटी, दिवा गेलेला. तिथंच सातव्या मजल्यावर माझी नोकरी. साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर तयार करायची. त्या दिवसापासून घराबाहेर पडायचं म्हटलं की छातीत धडधड, हाताला घाम, श्वास अपुरा. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा घाबरण्याचा त्रास आहे. श्वासाचे व्यायाम करा, हळूहळू बाहेर पडा. पहिलं मी इमानेइतबारे करत होते. दुसरं मात्र रोज उद्यावर ढकलत होते आणि काम घरूनच पाठवत होते.

माझी मैत्रीण पल्लवी घरी धूप बनवते. गुग्गुळ, लोबान, चंदन, वाळलेल्या फुलांचा चुरा. कोळसा नाही की बाटलीतलं अत्तर नाही. “यानं आजार जात नाही गं,” तिनं आधीच बजावलं होतं, “पण मन जरा खाली बसतं.” आणि खरंच बसायचं. त्या वासाचं बोट धरून श्वास हळूहळू लांब व्हायचा. एकच शहाणपण मी केलं होतं. धूर वाया जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या.

तेवढ्यात दारावर धपाधप थापा पडल्या. “ताई, बाहेर या. आग कुठंय?”

मी दार उघडलं, तर एक उंच तरुण बादली घेऊन सरळ आत. मी “अहो, धूप आहे...” म्हणेपर्यंत पाणी ओतून झालं होतं. दुसऱ्या क्षणी तो स्वयंपाकघरातून रेग्युलेटर घेऊन आला. मग त्यानं ओल्या गुग्गुळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला.

“मी धम्मपाल... कालच वरच्या खोलीत राहायला आलोय. हजीऱ्याला गॅस प्लांटमध्ये सेफ्टीला असतो.”

“सेफ्टीत न विचारता ओततात?”

“विचारत बसलं तर आग थांबते का?”

आई परतली तेव्हा तो गुडघ्यावर बसून फरशी पुसत होता. “काय व प्रज्ञा,” ती म्हणाली, “पाहुण्याले पहिल्याच दिवशी पोछा माराले लावलं का?”

दुसऱ्या दिवशी तो मातीचं धुपाटणं घेऊन आला, तळाशी वाळू भरलेलं. सोबत तीन नियमही आणले होते. खिडकी उघडी हवी. पडद्यापासून लांब ठेवायचं. धुरात नाक खुपसून बसायचं नाही, कारण बंद खोलीतल्या धुरानं श्वास आणखी कोंडतो.

“हे नियम ताईंसाठी, की सगळ्यांसाठी?”

“ते ताई... घाईत तोंडातून गेलं.”

“मग परत घ्या.”

“घेतलं,” तो म्हणाला, इतक्या झटकन की मलाच हसू फुटलं. तीन महिन्यांत मी अशी हसले नव्हते.

त्याचं नाक म्हणजे अजब प्रकरण. ‘मला नाकाचाच पगार मिळतो,’ म्हणायचा. संध्याकाळी साडेसहाला कंपनीची बस त्याला नाक्यावर सोडायची. भुरभुर पावसात डोक्यावर डबा धरून तो गल्लीतून यायचा, आणि आमच्या खिडकीखाली थबकून वर बघायचा.

“आज गुग्गुळ. दिवस वाईट गेला?”

“मध्यम.”

दुसऱ्या दिवशी... “आज चंदन. म्हणजे स्वारी खुशीत.”

“तुम्ही गॅस शोधा, मला नका शोधू.”

“गॅस सापडतो हो. माणूस सापडायला वेळ लागतो.”

असली वाक्यं तो इतक्या साधेपणानं बोलायचा की चिडावं की लाजावं, कळायचं नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेही कळलं नाही. मला एवढंच कळलं की हल्ली छातीत धडधड नसतानाही मी बरोबर सहा-पंचवीसला धूप लावते. आईच्या नजरेतून काय सुटणार?

“हे औषीद घडी पाहून घेतेस का व?” तिनं विचारलं. मी न ऐकल्यासारखं केलं.

आणि मग मगनभाईंचा फोन आला. आमचे शेठ माणूस गोड, पण हिशेबाला पक्के. “बेन, काम तारुं सरस छे. पण पहेली तारीखथी ऑफिस आववुं पडशे. नहीं तो मारे बीजुं माणस राखवुं पडशे.” म्हणजे पहिल्या तारखेपासून ऑफिसला जायचं, नाहीतर माझ्या जागी दुसरं माणूस. नवीन मशीन येणार होतं, सगळ्यांनी तिथं बसूनच काम शिकायचं होतं. पहिल्या तारखेला उरले होते बावीस दिवस. चार वर्षं डोळे फोडून मी हे काम शिकले होते. माझ्या हातची वेल साडीवर उतरली की मी स्वतःलाच आवडायचे. तेल गेलं, तूप गेलं, आणि माझ्या हाती तर खरोखरचं धुपाटणं होतं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम चंदन लावलं. त्याला माझं रडं कळायला नको होतं. साडेसहाला खाली पावलं थबकली. मी श्वास रोखला. पावलं जिन्यावर आली.

“चंदन आहे,” दारात उभा राहून तो म्हणाला, “पण खिडकी बंद आहे.”

मग काय, मी रडले. आईसमोर, त्याच्यासमोर, हमसून हमसून. लिफ्ट, फोन, बावीस दिवस... सगळं सांगून टाकलं. त्यानं ‘घाबरू नकोस’ म्हटलं नाही. तो म्हणाला, “ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा गॅसचा मास्क चढवला, तेव्हा दोन मिनिटांत ओरबाडून काढला होता मी. दोनदा नापास झालो.”

“तू?”

“मीच. मग रोज थोडा. आधी हातात, मग गळ्यात, मग नाकावर. धडधडतं अजूनही. पण ती धडधड संपते, हे आता मला माहीत आहे.”

मी नाक पुसलं. “लिफ्टमध्ये धूप लावता येईल?”

“लावून बघ. पहिली नोटीस मीच देईन.”

त्याच्या दर सुट्टीच्या दिवशी आम्ही मार्केटला जाऊ लागलो. पहिल्या खेपेला लिफ्ट लांबूनच पाहिली आणि खाली गाडीवरचा गरमागरम लोचो खाऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला एक मजला. तिसऱ्या खेपेला तीन मजले, त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून. तीनच. सात कधीच नाही, आणि एकटी तर नाहीच.

पहिली तारीख उजाडली. तो सोबत आला होता, अंगावर कंपनीचा गणवेश, पण बस सोडून दिलेली. लिफ्टचं दार उघडलं. त्यानं पाय पुढं टाकला, आणि माझ्याच तोंडून निघालं, “तू नको येऊस.”

“का?”

“मला तुझी सवय होईल. उद्या तू ड्यूटीवर असशील... आणि मी इथंच उभी राहीन.”

त्याचा चेहरा उतरला, पण तो मागं सरला. दार बंद झालं. दुसऱ्या मजल्याला हात ओले. चौथ्याला लिफ्ट जराशी हादरली, आणि ती जुनी भीती उठून गळ्यापर्यंत आली. मी श्वास सोडला, लांब, पुन्हा लांब. भीती होती, मीही होते, आणि लिफ्ट वर चालली होती. सातवा.

दार उघडलं. समोर धम्मपाल. कठडा धरून वाकलेला, घामानं निथळलेला. सात मजले धावत चढून आला होता.

“अडकली असतीस तर... बाहेर कुणी... पाहिजे ना.”

“एवढा घाबरलास?”

“लिफ्टसाठी नाही.” त्यानं दम घेतला. “चौथ्या मजल्यावर ठरवलं, आज विचारायचं. पाचव्यावर वाटलं, नको. सहाव्यावर पुन्हा वाटलं...”

“आणि सातव्यावर?”

“प्रज्ञा, मला तू फार आवडतेस. माझ्याशी लग्न करशील?”

काचेच्या दारामागून मगनभाई आणि निम्मं ऑफिस आमच्याकडं टक लावून बघत होतं. माझी छाती धडधडत होती, आणि ही धडधड मला चक्क हवीशी वाटत होती.

“करीन,” मी म्हटलं. “आता बस जरा पायरीवर. पाणी पाठवते.”

“आणि तू?”

“मी? मला कामाला जायचंय.”