लागेल तेवढंच

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. बाजार समित्यांमधले काटे खरं बोलतात की नाही, एवढंच पाहायचं. शिक्क्याची वजनं पेटीत घालून मी विंचूरला जातो, पिंपळगावला जातो, काट्यावर ठेवतो आणि आकडा वाचतो. वीस किलोला वीस दिसले की माझं काम संपलं. माणसं मात्र तुम्हाला कधी वाचता आली नाहीत, असं माझी बायको शुभांगी अधूनमधून ऐकवते. ती खोटं बोलत नाही.

इलेक्ट्रिक गाडी आम्ही अडीच वर्षांपूर्वी घेतली. इंदिरानगरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवला. या गाडीला किल्ली नाही, फोनच किल्ली. आमच्या मुलाने, रुद्रने, पहिल्याच दिवशी आम्हा तिघांचे फोन गाडीला जोडून दिले. पुढे सहा महिन्यांनी त्याने तृप्तीशी लग्न करायचं ठरवलं आणि मी तिच्या घरच्यांबद्दल एक वाक्य बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. "बाबा आहेत तोवर मी या घरात पाऊल ठेवणार नाही," असं आईला सांगून तो पुण्याला गेला. हट्टाच्या बाबतीत पोरगा माझ्यावर गेलाय. शुभांगी त्याच्याशी रोज फोनवर बोलते आणि फोन ठेवला की उठून त्याची खोली झाडते. खोलीत धूळ नसते, तरी झाडते.

फेब्रुवारीत गाडीला सॉफ्टवेअर अपडेट आलं. चाळीस मिनिटं गाडी बंद राहिली आणि मग ॲपमध्ये एक नवी सोय दिसली: 'लागेल तेवढंच'. बॅटरी दर वेळी शंभर टक्के भरायची नाही, उद्या लागेल तेवढीच भरायची, दहा टक्के शिल्लक राहतील अशा बेताने. मला हे पटलं. मी सोय चालू केली.

आमची गाडी एका टक्क्यात तीन किलोमीटर जाते. शुभांगी मंगळवारी आणि गुरुवारी पिंपळगावच्या कॉलेजात शिकवते, जाऊन येऊन बहात्तर किलोमीटर. सोमवारी संध्याकाळी चार्जिंग ३४ वर थांबलं. मंगळवारी ती परत आली तेव्हा बॅटरी बरोबर १० वर होती. माझ्या विंचूरच्या दिवशी गाडी ४३ वर थांबली, परत आलो तेव्हा १०. यंत्र सवयी शिकतं, त्यात नवल काही नव्हतं.

मग एका बुधवारी मला विंचूरला जायचं होतं आणि गाडी ३४ वरच थांबलेली. मी चडफडलो. साडेनऊला ऑफिसातून फोन आला, विंचूर रद्द, पिंपळगावला जा. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बॅटरी १० वर होती.

सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या ललित नावाच्या इंजिनिअरने लॅपटॉप जोडून बराच वेळ पाहिलं.

"सर, गाडी एकदम ओके आहे."

"आणि ही सोय?"

"तेच बघतोय. आमच्या यादीत असं काही फीचरच नाहीये." त्याने माझ्या फोनकडे पुन्हा पाहिलं. "पण प्रॉब्लेम तर काही देत नाही ना?"

प्रॉब्लेम नव्हता. माझा धंदा तपासण्याचा, म्हणून मी तपासायचं ठरवलं. पाच दिवस रजा टाकली. रोज सकाळी गाडी घेऊन औरंगाबाद नाक्यापर्यंत जायचं आणि तिथे नाणं उडवायचं. छापा पडला तर विंचूर, काटा पडला तर परत घर. घरी परतायचं तर १५ टक्के पुरतात. गाडी किती भरली हे मी आधी पाहायचो नाही, स्क्रीनवर रुमाल टाकून निघायचो. नाणं पडल्यावर रुमाल काढायचा आणि रात्री चार्जिंग कितीवर थांबलं होतं तो आकडा पाहायचा. काटा, १५. छापा, ४३. छापा, ४३. काटा, १५. पाचव्या दिवशी नाणं हातातून निसटून दुभाजकाच्या मातीत पडलं. वाकून पाहिलं, छापा होता. गाडीत येऊन रुमाल काढला. ४३.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. त्याच दिवशी मी ती सोय बंद केली.

मार्चमध्ये दुसरं अपडेट आलं आणि सोय पुन्हा चालू झाली. या वेळी बंद करायचं बटण सापडलं नाही. आता ॲपमध्ये येत्या चौदा दिवसांचा तक्ता होता, कुणाला कोणत्या दिवशी किती टक्के लागणार याचा, नावांसकट. धम्मपाल म्हणजे मी, शुभांगी, रुद्र अशा तीन ओळी. रुद्रच्या ओळीत सगळी शून्यं. शुभांगीच्या ओळीत मंगळवारी ३४, गुरुवारी शून्य.

"गुरुवारी माझी परीक्षेची ड्युटी आहे," शुभांगी हसत म्हणाली. "सांगा तुमच्या गाडीला."

गुरुवारी सकाळी सातला कॉलेजातून निरोप आला. संस्थेचे माजी अध्यक्ष पहाटे वारले, आज सुट्टी. तक्त्यातलं शून्य मी रविवारपासून पाहत होतो. रविवारी ते गृहस्थ एका लग्नात जेवत होते, हे नंतर शुभांगीनेच सांगितलं.

तेव्हापासून तीही तक्ता पाहू लागली. मी पाहायचो तो धास्तीने, ती पाहायची ती एकाच ओळीसाठी. ते मला कळत होतं.

आज शनिवार. संध्याकाळी साडेसहाला मी गाडी चार्जिंगला लावून वर आलो, तोच शुभांगी फोन घेऊन जवळजवळ पळत आली.

"अहो, रुद्र येतोय!"

रुद्रच्या ओळीत रविवारी १२ होते. मंगळवारी, बुधवारीही आकडे होते.

तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज मी दोन वर्षांनी ऐकला.

"नाही गं आई. काहीच ठरलं नाही. आणि तुला माहितीये मी काय बोललोय ते, बाबा आहेत तोवर नाही."

"बरं बरं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळली. "त्या गुरुवारी तरी कुठे काय ठरलं होतं! येणार तो. आणि हे बघा, माझीसुद्धा आठवडाभर शून्यंच आहेत. तो घरात असताना मी कशाला जातेय कॉलेजला?"

इतकी आनंदात मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती. शेवभाजी करायची म्हणून ती डब्यातली जाड शेव पाहायला गेली.

मी तक्ता पुन्हा नीट वाचला. शुभांगीची ओळ त्यापुढच्या आठवड्यात, दुसऱ्या गुरुवारी, ३४ वर आली होती. माझ्या ओळीत उद्यापासून चौदाही दिवस शून्य होतं. सोमवारी मला विंचूरला जायचं आहे. तारीख ठरलेली आहे, पत्र गेलेलं आहे.

बारातून शिलकीचे दहा गेले की दोन उरतात. दोन टक्के म्हणजे सहा किलोमीटर. तीन जायला, तीन यायला. आमच्या घरापासून तीन किलोमीटरवर काय काय आहे, ते मी मोजलं नाही.

खाली चार्जर थांबला. बारा.

रुद्रने यावं असं मलाही वाटतं. रोज वाटत होतं. ते वाक्य मी परत घ्यायला हवं होतं, एका फोनचं काम होतं.

मी फोन हातात घेतला. त्याचा नंबर लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

"अहो," स्वयंपाकघरातून शुभांगीचा आवाज आला, "उद्या त्याला स्टँडवर घ्यायला कोण जाणार? तुम्ही की मी?"

"मी जाईन," मी मोठ्याने म्हणालो. "गाडी घेऊन मीच जाईन."

आणि ॲप उघडून पाहिलं. माझ्या ओळीतलं रविवारचं शून्य तसंच होतं.