दोन लाल चिठ्ठ्या

तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो भांडायलाच.

"वटवाघळाची लाल चिठ्ठी तू या शेवाळाच्या खणाला लावलीस?"

"शेवाळ नाही ते, शेवाळाची चुलत बहीण. लिव्हरवर्ट."

शाळा सोडली म्हणून काय झालं, खणांवरची नावं पाठ आहेत मला. लाल चिठ्ठी म्हणजे जीव धोक्यात, हिरवी म्हणजे ठीक. संग्रहालयात चिठ्ठ्या चिकटवायचं हे काम मावशीनं इथल्या मॅडमच्या मागे लागून मिळवून दिलेलं. मॅडमनी बजावलं होतं — आणखी एक चूक, की घरी.

आणि चूक झालीच होती. चिकटवताना मी समोर बसलेल्या, वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या या वटवाघूळवाल्याच्या मानेवरचा तीळ बघत होते... ते काय सांगणार? डोकं सटकलं माझं.

"मुद्दाम लावली. तुझ्या वटवाघळांचे लाड होतात. हिला कोण विचारतं?"

"तो प्राणी, ही वनस्पती. तुलना कशी करायची?"

"घर तर एकच आहे ना दोघांचं? चल, दाखवते."

संग्रहालयाच्या मागच्या भिंतीपाशी नेलं त्याला. वर माळ्यावर त्याची वटवाघळं. खाली भिंतीला चिकटलेली ही हिरवी पापडी — महिन्यापूर्वी तळहाताएवढी होती, आता नखाएवढी, कडेनं करपलेली. त्यानं वाकून भिंत चाचपली.

"कोरडी..." तो पुटपुटला. "छपराची गळती मीच बुजवून घेतली. वटवाघळांसाठी."

चेहरा इतका पडला त्याचा... जिंकले होते ना मी? मग आनंद का होत नव्हता?

"मॅडमना सांगणार?" मी विचारलं.

"सांगणार. लाल चिठ्ठ्या दोन हव्या होत्या म्हणून." तो म्हणाला. "रोज मगभर पाणी शिंपडावं लागेल इथे. मी येईन सकाळी. तू?"

"मी कशाला?" मी म्हटलं. मग — "आठला की नवाला?"

तो हसला. खिशातून एक कोरी चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. "आणि आपलं? आपण कुठल्या खणात?"

कान तापले माझे. मग एखादा नमुना कशात बसतो ते कळलं नाही की मॅडम जे लिहितात, तेच लिहिलं — 'ओळख पटायची आहे.'

त्यानं दोनदा वाचलं.

"आणि रंग?"

"लाल," मी म्हटलं. "जपावं लागेल."