बारा स्क्रूंची पेटी

त्या बुधवारी सकाळी बाबांनी गॅरेजमधून तीन हाका मारल्या. तिसरीला ती गेली.

"बॅटरी धर. जरा डावीकडे. अगं, माझ्या डोळ्यांत नको, गाडीच्या पोटात!"

"बाबा, मला दुकान उघडायचंय."

"लोकांना अर्धा तास उशिरा दिसलं तर काही बिघडत नाही. धर."

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. बाबा बसडेपोच्या वर्कशॉपात फोरमन होते. आई गेली त्या वर्षी त्यांनी ही जुनी गाडी भंगारातून ओढून आणली आणि पुढची अकरा वर्षं तिच्याखाली आडवं होऊन काढली. रंग झाला, काचा झाल्या, गाद्या झाल्या. एकच गोष्ट राहिली होती. ओव्हरड्राइव्ह.

तो काय असतो हे तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. गिअरबॉक्सच्या मागे बसणारा एक जास्तीचा डबा. चौथ्या गिअरमध्ये कळ दाबली की गाडी तेवढीच पळते, पण इंजिन सावकाश फिरतं. "चढ संपल्यावर माणूस श्वास सोडतो ना, तसं," बाबा म्हणायचे. या गाडीला बसणारे डबे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. शेवटी एक सापडला, समुद्रापलीकडे, एका विधवेच्या शेडमध्ये. तिच्या नवऱ्यानं तो वीस वर्षं जपला होता. लाकडी पेटीत बसून तो जहाजानं निघाला होता.

"गोदामातून फोन येईल," बाबा म्हणाले. "नंबर तुझा दिलाय, मला फोनवर धड ऐकू येत नाही. पेटी सोडवायचे कागद आपल्या दहाअकराकडे आहेत. त्याच्या वाटेवर आहे गोदाम, तो चौकशी करत असतो. पण फोन तुलाच येणार. लक्ष ठेव."

"ठेवते."

"आणि पेटी आली की उघडायच्या आधी..."

"फोटो काढायचा. माहितीय." हा त्यांचा नियम होता. खोलायच्या आधी फोटो, नाहीतर बसवताना बोंबला.

बाबांनी डॅशबोर्डचा शेवटचा स्क्रू आवळला आणि मान मागे घेतली. "खाच उभी दिसतेय?"

"नव्वद अंश," ती म्हणाली. चष्म्याच्या काचेचा कोन बघायची तिला सवय होती. फ्रेमचा इवलासा स्क्रू आवळतानाही ती खाच उभीच ठेवायची. हे कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

"उभी असली की पाणी साचत नाही. सैल झाला तर लांबून कळतं. हाताखालून शंभर पोरं गेली माझ्या, पण ही सवय एकट्या दहाअकराला लागली. बाकीचे गाढव."

दहाअकरा म्हणजे बाबांचा जुना मदतनीस. शर्टाच्या खिशात कायम दहा-अकरा मापाचा पाना, म्हणून हे नाव. एकटा माणूस. अकरा वर्षांत त्यानं या गॅरेजातला एक रविवार चुकवला नव्हता.

"हा डबा बसला की मी पाने खाली ठेवणार," बाबा म्हणाले. "डॉक्टर मागेच लागलेत. एकदा समुद्रापर्यंत जाऊ, तू आणि मी. मग गाडी विकून टाकू."

"काकांना सांगितलंत?"

"रविवारी सांगितलं. तोंडातून अक्षर काढलं नाही त्यानं. रडका आहे."

दुपारी दुकानात एक आजीबाई तक्त्यावरची अक्षरं अडखळत वाचत होत्या, तेव्हा तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट केला. काहीतरी विकणारे असतील.

संध्याकाळी ती भांडी घासत होती. बाबा दारात येऊन उभे राहिले. "आला का गं फोन?"

"नाही," ती म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि मग तिला ते दोन फोन आठवले. जाऊ दे, उद्या लावून बघू.

सकाळी ती चहा घेऊन गॅरेजमध्ये गेली. बाबा गाडीशेजारच्या खुर्चीत बसले होते. मांडीवरची बॅटरी चालूच होती. प्रकाश पिवळा पडला होता. हात गार होता.

*

विसाव्या दिवशी टेम्पोतून पेटी आली.

दहाअकरा तिथेच होता. तो आता रोजच येत होता. यायचा, गाडीवरची धूळ पुसायचा, न बोलता निघून जायचा.

"दे, मी उघडतो," तो पुढे झाला.

"थांबा काका." तिनं फोटो काढला. बाबा गेले तरी नियम गेला नव्हता. मग बाबांच्याच स्क्रू-ड्रायव्हरनं तिनं बारा स्क्रू एकेक करून काढले.

आत ओव्हरड्राइव्ह नव्हता. गंजलेले ब्रेकड्रम होते आणि लोखंडाचे तुकडे. सगळे चिंधीत गुंडाळून तारेनं बांधलेले.

"फसवलं!" दहाअकरा म्हणाला. "त्या बाईनं फसवलं. मी म्हणतच होतो, न पाहिलेल्या माणसावर भरवसा ठेवू नये."

तिनं त्या बाईला लिहिलं, दोनच कडक ओळी: बाबा गेले, आणि पेटीत भंगार निघालं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. लांबलचक. तुझ्या वडिलांनी मला सात पत्रं लिहिली, माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं, असं बाईनं लिहिलं होतं. त्यांना मी भंगार पाठवीन? डबा मी माझ्या हातांनी पेटीत ठेवला. झाकण बंद केल्यावर काढलेला फोटो सोबत आहे. तुझे वडील गेल्याचं वाचून मी आज बागेत गेले नाही.

तिनं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. एक पेटी निघतानाची, एक पोचल्यानंतरची. लाकूड तेच, लाकडातली गाठ तीच, स्क्रू तेच.

मग तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

बाईच्या फोटोत बारा खाचा बारा दिशांना होत्या. एक आडवी, एक तिरकी, एक तोंड वाकडं केल्यासारखी. तिच्या फोटोत बाराच्या बारा उभ्या.

नव्वद अंश.

पेटी वाटेत उघडली गेली होती. आणि ज्यानं ती परत बंद केली, त्याचा हात तिला ओळखीचा होता. तिला ते नको होतं. म्हणून ती आधी दुसरीकडे गेली.

*

गावात जुन्या गाड्यांचा एक शौकीन होता. दोन वर्षं तो बाबांच्या गाडीवर डोळा ठेवून होता. दुखवट्याला आला, तेव्हाही त्यानं हळूच विचारलं होतं, डबा आला का म्हणून.

"डबा येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या वडिलांनी. ज्याला त्याला सांगत होते. नातू होणार असल्यासारखं."

"पेटी तुम्ही उघडलीत?"

"मी?" शौकीन हसला. "अहो, आयुष्यात मी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरलेला नाही. मला तो कुठल्या बाजूनं धरतात तेही माहीत नाही."

ते खरं दिसत होतं. त्याच्या चकचकीत गाडीच्या नंबरपाटीचे चार स्क्रू चार दिशांना तोंड करून होते. त्याच्या मिस्त्रींनाही ती सवय नव्हती.

मग गोदाम. तिथला कारकून जेवणाचा डबा उघडून बसला होता. त्यानं नाइलाजानं रजिस्टर ओढलं.

"पेटी कधी आली?"

"बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?"

त्यानं तारीख वाचली. तो बाबांचा शेवटचा दिवस होता.

"घरी तर परवा आली."

"बुधवारीच इथून नेलीय बाई. मग अठरा दिवसांनी परत आणून दिली. घरी कुणी नव्हतं, तुम्हीच पोचवा, म्हणून. आम्ही पोचवली. वजन बघा, जाताना जेवढं, येताना तेवढंच. ग्रॅमचा फरक नाही. काट्यावर पाप नाही आमच्या."

"कुणी नेली?"

"मी रजेवर होतो. बदलीचा माणूस होता, तो गेला सोडून. कागद ज्याच्याकडे त्याला पेटी, असा नियम. ही सही. कोंबडीनं पाय पुसल्यासारखी आहे, मला विचारू नका."

सहीखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती तिनं वाचली. पुन्हा वाचली. रजिस्टर मिटलं.

"जो कोण होता तो भला माणूस होता हं," कारकून घास गिळत म्हणाला. "काट्याचा पत्रा महिनाभर खडखडत होता. बदलीवाला सांगत होता, पेटी न्यायला आलेल्यानं उभ्या उभ्या बसवून दिला."

ती काट्यापाशी वाकली. पत्र्याला चार स्क्रू होते. चारही खाचा उभ्या.

*

रविवारी दहाअकरा वेळेवर आला. तिनं त्याला बाबांच्या खुर्चीत बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"काका, डबा कुठे आहे?"

"कुठला डबा?"

"मी सांगते, तुम्ही ऐका. चुकलं तर थांबवा." तिचा आवाज दुकानात तक्ता वाचायला सांगताना असतो तसा सपाट होता. "बाईनं खोटं केलेलं नाही. तिच्या फोटोत स्क्रू वाकडेतिकडे आहेत, माझ्यात सरळ. म्हणजे पेटी मधे उघडली. खाच उभी ठेवणारी माणसं तीन. एक गेलं. एक मी. गोदामातून पेटी नेली कागद असलेल्या माणसानं, आणि कागद होते तुमच्याकडे. त्या माणसानं जाता जाता काट्याचा पत्राही बसवला. ग्रॅमपर्यंत वजन जुळवून भंगार भरायला मिस्त्रीच लागतो. आणि त्या भंगाराच्या तारा बघितल्यात? प्रत्येक तारेचं टोक आत वळवलेलं आहे, उघडणाऱ्याच्या हाताला टोचू नये म्हणून. फसवणारा माणूस समोरच्याच्या हाताची काळजी करत नाही, काका. फक्त तुम्ही करता."

दहाअकरा उभाच होता. मग खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळला.

"विकला नाही मी," तो म्हणाला. "माझ्या खाटेखाली आहे. दर रविवारी तेल लावतो."

"मग का?"

त्यानं खिशातला पाना काढून बोटांत फिरवला.

"तो म्हणाला, डबा बसला की पाने खाली. गाडी विकणार. म्हणजे रविवार संपले. तुला घर आहे, दुकान आहे. मला काय आहे गं? सोमवारपासून शनिवारपर्यंत मी रविवारची वाट बघतो. मला वाटलं, दोन महिने. जहाज लांबलं म्हणून सांगू. दोन महिने जास्तीचे, एवढंच. माझ्यात काय पाप होतं ते एवढंच होतं." त्यानं नाक पुसलं. "दुसऱ्याच दिवशी तो गेला. आता कुठल्या तोंडानं आणून देऊ? म्हणून भंगार भरलं. वाटलं, दोष त्या बाईवर जाईल. ती लांब आहे, तिला काय लागतंय."

"तिला लागलं."

त्यानं मान खाली घातली.

"ते वाट बघत गेले, काका. डबा गावात होता आणि ते वाट बघत गेले."

"माहितीय." मग तो हळूच म्हणाला, "मी कागद पुढे केले, तर बदलीवाला म्हणाला, आधी नंबरावर फोन करतो, मालकाला कळवायला हवं. मी तिथेच उभा होतो. मनात म्हटलं, उचलला तर सगळं सांगून टाकीन, पेटी खांद्यावर घेऊन तुझ्या बाबाकडे पळत येईन. दोनदा लावला त्यानं."

तिनं गाडीच्या टपावर हात टेकला.

"दोन्ही वेळा कट झाला," दहाअकरा म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नाही, पोरी. सांगणारही नाही."

रजिस्टरमधल्या त्या बारीक ओळीत हेच होतं. दोन फोन, दोन्ही कापले, कागदधारकास दिली.

दहाअकरा उठला. "आणून देतो. बसवू का? एका दिवसाचं काम आहे."

"कुणासाठी?"

त्यानं पाना परत खिशात ठेवला. जाताना सवयीनं त्यानं दाराच्या बिजागरीवरून अंगठा फिरवला, एक स्क्रू किंचित ढळलेला होता. तो थांबला, हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. फाटकाचा आवाज झाला. पुढच्या रविवारी तो येणार नव्हता, हे दोघांनाही कळलं होतं.

ती गाडीत जाऊन बसली. चालकाच्या नाही, शेजारच्या सीटवर. समुद्रापर्यंत जायचं तेव्हा तिची जागा तीच ठरली होती. डॅशबोर्डवर स्क्रूंच्या खाचा एका ओळीत उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी ओव्हरड्राइव्हची कळ होती, बाबांनी आधीच बसवून ठेवलेली. तिनं ती दाबली. टक् असा आवाज झाला. मागे काहीच जोडलेलं नव्हतं.

स्टीअरिंगमागच्या रिकाम्या जागेकडे बघून ती मोठ्यानं, त्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, फोन आला होता. दोनदा आला होता. मी उचलला नाही."