एकशे चारवर अडलेला रेला

हिशेब साधा होता. रोज दोन तास रियाज, असे एकेचाळीस दिवस, म्हणजे ब्याऐंशी तास. या ब्याऐंशी तासांत माझ्या रेल्याची लय एका मात्रेनेही वाढली नव्हती. पहिल्या दिवशी मिनिटाला एकशे चार मात्रा, एकेचाळिसाव्या दिवशीही एकशे चारच. मग ते ब्याऐंशी तास गेले कुठे?

मी दुर्वा कोरे, राहणार मिरज, वय वर्षे अकरा. तबल्यात मी हुशार आहे. स्वतःच सांगते, कारण कुणी विचारायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन. रेला (ज्यात बोल न थांबता सलग वाहत जातात, अशी तबल्यावरची वेगवान रचना) मी क्लासच्या वार्षिक सभेत एकशे वीसच्या लयीत वाजवावा, असं माझ्या गुरू नजमाआपा यांनी ठरवलं होतं. सभेला चोवीस दिवस उरले होते, आणि मी आपांना सांगून टाकलं होतं की माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवा, मी तबला सोडतेय. आपांनी वाद घातला नाही. रविवारपर्यंत विचार कर, एवढंच म्हणाल्या. मला त्याचाही राग आला.

शुक्रवारी दुपारी मी तात्यांकडे गेले. तात्या म्हणजे माझ्या आईचे वडील. मेंदू शिकतो कसा, यावर त्यांनी चाळीस वर्षं संशोधन केलं आणि निवृत्त झाल्यावर घरच्या घरी टिपणीस नावाचा यंत्रमानव बनवला. आता २०६४ साली यंत्रमानवाचं कुणाला अप्रूप नाही, पण बाकीच्यांकडचे निदान पोळ्या तरी लाटतात. टिपणीस फक्त टिपून ठेवतो. दीड महिन्यापूर्वी तात्यांनी माझ्या बोटांत पातळ अंगठ्या घातल्या होत्या. त्यांत संवेदक (हालचाल आणि आवाज ओळखून त्यांची नोंद पाठवणारी बारीक चकती) बसवलेले होते. त्यामुळे मी घरी वाजवलेला प्रत्येक बोल टिपणिसाकडे पोचत होता, आणि मी ते साफ विसरून गेले होते.

मी रागारागाने सगळं सांगितलं. तात्यांनी समजूत वगैरे काढली नाही. हिने रेल्याची पहिली ओळ किती वेळा वाजवली, असं त्यांनी टिपणिसाला विचारलं. तीन हजार दोनशे सहा वेळा, टिपणीस म्हणाला. मग शेवटची तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, नेमकं येणं) किती वेळा? एकाहत्तर वेळा.

मला वाटलं, यंत्र बिघडलंय. पण आकडे खरे होते. आपांच्या क्लासात एक नियम आहे: चुकलं की गुपचूप पहिल्यापासून. तिसऱ्या ओळीत ‘धिरधिर’ हा बोल येतो. तो नुसत्या बोटांनी वाजत नाही, तळहात तबल्यावर लोळवावा लागतो. तिथे माझा हात अडखळायचा. अडखळला की मी थांबायचे आणि पुन्हा पहिली ओळ धरायचे. परत तिथेच अडखळायचे. हे मी एकेचाळीस दिवस इमानेइतबारे केलं होतं.

“तुझ्या हाताला वाटतं, तिथे थांबणं हा रेल्याचाच भाग आहे,” तात्या म्हणाले. “तूच शिकवलंयस त्याला.”

मग त्यांनी मला कागदावर नाव लिहायला लावलं. मी झर्रकन लिहिलं. आता प्रत्येक रेघ कशी काढायची ते मनात म्हणत लिही, असं त्यांनी सांगितलं, तर ‘दुर्वा’मधल्या रफारापाशीच माझा हात घुटमळला. पहिलीत असताना मी असंच एकेक रेघ आठवत लिहायचे. पुढे मेंदूने त्या सगळ्या रेघांचा एक गठ्ठा बांधला, आणि आता अख्खं नाव एका दमात येतं. तबल्याच्या बोलांचंही तसंच होतं. मेंदूकडून हाताकडे निरोप नेणारे मज्जातंतू (शरीरातले निरोप वाहणारे धागे) पुन्हा पुन्हा वापरात आले की त्यांच्यावरचं मज्जावरण (चरबीचं पातळ वेष्टण) जाड होत जातं आणि निरोप जलद पोचतो. पण हे काम बोल बरोबर आहे की चूक, हे विचारून होत नाही. जे वारंवार घडतं ते पक्कं होतं.

म्हणजे माझे ब्याऐंशी तास वायाच गेले, असं मी म्हणाले. तात्यांनी टिपणिसाला दोन ध्वनिमुद्रणं लावायला सांगितली, एक पहिल्या दिवसाचं आणि एक कालचं. लय तीच होती. पण पहिलं ऐकून मला लाज वाटली. पत्र्यावर कुणी मूठभर खडे फेकावेत तसे बोल होते, दोन जवळ तर तिसरा लांब. कालचे बोल सारख्या अंतरावर पडत होते आणि प्रत्येक वेगळा ऐकू येत होता. माझाच हात होता तो. मी ते मुद्रण तीनदा लावायला सांगितलं.

याला पठारावस्था (शिकताना प्रगती थांबल्यासारखी वाटते तो काळ) म्हणतात, तात्यांनी सांगितलं. लयीचा आकडा वाढत नसला तरी आत दुसरं काहीतरी सुधारत असतं. मात्र पुढे जायचं तर जुना, चुकीचा गठ्ठा सोडून नवा बांधावा लागतो, आणि तो बांधेपर्यंत वाजवणं आधी बिघडतं. मी साठच्या लयीत फक्त तिहाई वाजवायची, ती बसली की तिच्या आधीची ओळ जोडायची, असं उलटं मागे यायचं. चुकलं तरी थांबायचं नाही. आणि दोन तास सलग बसायचं नाही, चाळीस मिनिटांनी उठायचं, कारण शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम विश्रांतीत आणि झोपेत होतं.

रविवारी मी आपांना सांगितलं की मी वाजवणार. नियमाचंही सांगितलं. आपा आधी हसल्या, मग कपाळाला हात लावला.

“अगं, तो नियम नव्या पोरांना सम कळावी म्हणून,” त्या म्हणाल्या. “तू अजून पाळतीस व्हय?”

सहाव्या दिवशी अख्खा रेला वाजवून पाहिला, तर लय एकशे चारवरून अठ्ठ्याऐंशीवर घसरली होती. आधी बिघडेल हे तात्यांनी सांगितलेलं असूनही मी रडले, आणि रडून झाल्यावर तिहाई वाजवली. बाराव्या दिवशी परत एकशे चार. सतराव्या दिवशी एकशे बारा. त्या दिवशी मी टिपणिसाला आकडा दोनदा म्हणायला लावला.

सभेत लेहरा (तबल्याला साथ करणारी, फिरून फिरून येणारी धून) एकशे वीसला सुरू झाला. दुसऱ्या आवर्तनात ‘धिरधिर’ला माझा तळहात घसरला आणि एक बोल गळला. हात थांबला नाही. तो तिसरी ओळ ओलांडून गेला, चौथीही ओलांडून तिहाईत शिरला आणि ‘धा’ समेवर नेमका पडला. आपांची मान डोलली. चूक झाली होती, ती मला कळली होती, आणि तरी मी समेवर आले होते. मला स्वतःचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

आता आपांनी एकशे चाळीस मागितलंय. गेले नऊ दिवस मी एकशे सव्वीसवर अडले आहे, आणि टिपणीस रोज तोच आकडा वाचून दाखवतो. मी त्याला सांगितलंय, तू टिपत राहा. कालच्यापेक्षा आजचा ‘धिरधिर’ गोल आहे, ते मला ऐकू येतं.