हाय का गो?

पटलं नाही तर सोडून द्या, पण हे घडलंय. यंदाच्याच उन्हाळ्यात, पेणच्या खाडीकाठी. आणि भर दुपारी.

भुतं रात्रीच येतात, असं कुणी सांगितलं?

तिथं शेतं खाऱ्या पाण्यापासून वाचवायला मातीचा बांध असतो. अमावस्येच्या उधाणाला बांधावरचा माणूस घराकडे तोंड करून ओरडतो, "हाय का गो?" घरातून ओ जायलाच हवी, "हाय!" ओ आली नाही, तर तो स्वतः घराकडे येतो, माणसं उठवायला.

गुणाजी जन्मभर असाच ओरडला. दोन वर्षांपूर्वी बांधावरच छातीत कळ येऊन गेला.

पण त्याची बायको गिरजाबाई दर अमावस्येला दुपारी अंगणात उभी राहून ओ द्यायचीच...

मुलगा जितेश रोह्याला कंपनीत. आईचे गुडघे गेलेले, तिला जवळ न्यायचा त्याचा हट्ट. ती म्हणायची, देवानं तुझ्या बाला बांधावर ठेवलंय, मी आले तर त्याला ओ कोण देणार? ओ गेली नाही तर तो बांध सोडून घराकडे येईल, मग बांध फुटेल. जितेश पक्का नास्तिक, वादात कुणाला हार जाणारा नव्हे. पुरावा दाखव, मग बोल, म्हणायचा.

त्यानं जुना मोबाइल पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवला. दोन अमावस्या रेकॉर्डिंग केलं. नुसतं पाणी आणि वारा.

"बघ आये, कोन नाय."

"मोबाइलला ऐकू येत नाय, म्हनून कोन नाय व्हय?"

मग त्यानं मोबाइल पुन्हा बांधावर ठेवला आणि शेवटचा प्रयोग ठरवला. या खेपेला तू ओ देऊ नकोस. बांध फुटला तर तू खरी, नाहीतर गुपचूप रोह्याला चल. बिचारी पदर तोंडात धरून घरात बसली. रडत होती.

बांधाचं ढेकूळही हललं नाही.

जितेश जिंकला. आई रोह्याला आली.

आठवड्यानं त्यानं ते तिसरं रेकॉर्डिंग सहज लावलं. पाणी, वारा... बारा चाळीसला पाण्याचा आवाज थांबला.

मग...

"गिरजे... हाय का गो?"

बाचाच आवाज. थोड्या वेळानं पुन्हा, जरा लांबून. आणि चिखलातली पावलं... घराच्या दिशेनं.

कुणीतरी मस्करी केली असणार, असं त्यानं स्वतःला बजावलं. आईला काही सांगितलं नाही.

पुढची अमावस्या. रोह्याचा फ्लॅट, तिसरा मजला. गिरजाबाई बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होती. स्वयंपाकघरात नळ चालू होता.

नळाचा आवाज थांबला...

पाणी मात्र पडतच होतं.

जिन्यातून खाडीच्या चिखलाचा वास आला. आणि दाराबाहेरून...

"गिरजे... हाय का गो?"

गिरजाबाईनं वाल खाली ठेवले. ती अजिबात घाबरली नव्हती. लेकाकडे बघून तिनं हळूच विचारलं, "ओ देऊ का रं?"

जितेशला "दे" म्हणवेना, "नको"ही म्हणवेना.

शेवटी तोच म्हणाला, "हाय."

मग पावलं जिना उतरत गेली... नळ वाजायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः आईला गावी नेऊन सोडलं. वाद तो आजही घालतो, पुरावाही मागतो. ते रेकॉर्डिंग मात्र कुणाला ऐकवत नाही.

आई आहे तोवर ती ओ देईल.

तिच्यामागे ती हाक कुणाच्या नावानं येणार, हे त्याला ठाऊक आहे. त्या दिवशी ओ त्यानंच दिली होती...