न मोडलेली छाट

खळ्यावर धानाची राखण होती. मुन्नानं शेकोटीत लाकूड सारलं, तशी कवडूमामांनी सुरुवात केली.

"चंदा माझी भाचसून. तिच्याच तोंडून ऐकलं, म्हणून सांगून राहिलो."

मागच्या पोळ्याची रात्र. अमावास्येची. बोदलकशाच्या रस्त्यानं चंदा घनश्याम ठेकेदाराकडे निघाली होती. तिची सासू रुख्मा त्याच्यासाठी घरी बिड्या वळायची. आखाडात वारली. नात तापातून उठली तर मातामायला लुगडं नेसवीन, असा तिचा नवस होता. नात उठली, आजी गेली. नवसाला उसना पैसा चालत नाही, आणि रुख्माची कमाई ठेकेदारानं दाबून ठेवलेली.

ठेकेदार ओसरीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता.

"तुझ्या सासूचा सारा माल छाट निघाला. नापसंत बिडीचे पैसे भेटत नाही, बाई."

"छाट असन त मोडा न, सेठ. वळणारीसमोर मोडाची रीत हाये."

"वळणारी त गेली. कोनासमोर मोडू?" तो हसला.

छाट म्हणून ठेवून घ्यायची अन् पोत्यात भरून विकायची, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"माझ्यासमोर मोडा. नाही त पैसे द्या. मी हलत नाही इथून."

"मंग बस रातभर."

ती पायरीवर बसली. मनात मातामायचं नाव.

लाईट गेली.

कट्.

बाजूच्या कोठीतून. कोठीला बाहेरून कुलूप होतं.

"उंदीर असन," ठेकेदार म्हणाला.

कट्... कट्...

वाळली बिडी मोडल्याचा आवाज. बिडीवाल्या गावात तो लेकरंही ओळखतात.

मोबाईलच्या उजेडात ठेकेदारानं कुलूप काढलं. रुख्माचं पोतं जसंच्या तसं. शेजारची पोती फाटलेली. दुसऱ्या दिवशी शहरात जायचा पसंतीचा माल... घोट्यापर्यंत नुसते तुकडे. आत कोणी नाही.

आणि तरी...

कट्.

"थांबव..." ठेकेदार मागे सरला. "थांबव तिले..."

"मी काऊन थांबवू?" चंदा म्हणाली. "तुमचीच रीत हाये. समोर मोडाची."

कट्. कट्. कट्.

त्यानं गल्ला उघडला. सारी मजुरी चंदाच्या पदरात पडली.

आवाज थांबला.

सकाळी गावातून मारबतीचा पुतळा निघायच्या आधी मातामायला नवं लुगडं नेसवलं होतं.

मामांनी शेकोटीवर हात धरले.

"मंग, मामा?" हर्षानं हळूच विचारलं.

"मंग चंदा घरी येऊन पाहते, त रुख्माचं सूप खुंटीवरून खाली. ज्यात ती वळे, तेच. दोन महिने कोणी हात नव्हता लावला. सुपात बिड्यांचा एक कट्टा. बांधलेला. पान अजून ओलं, आत्ताच वळल्यावानी... चंदानं मले बोलावलं. मीच सोडला तो. एकेक बिडी पाहिली."

मामांनी मुन्नाकडे पाहिलं.

"एकही छाट नव्हती."